गुडघ्याला बर्फ: जुना उपाय

मैत्रिणींनो, गुडघा बदलून आलेल्या बाईला आपण घरी आधी काय देतो? गरम विटेचा शेक! आमच्या गटातल्या मावशींनाही तोच दिला, आणि सूज आणखी वाढली. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, ताज्या सुजेला गारवा हवा.

हे काही नवं नाही. सुमारे २,४०० वर्षांपूर्वी ग्रीसचे वैद्य हिपोक्रेटिस सुजेवर गार पाणी सुचवत. पण आपल्याकडे उन्हाळ्यात बर्फ कुठला? १८३३ साली तो अमेरिकेतल्या बोस्टनहून जहाजाने चार महिन्यांनी कलकत्त्याला आला! आज तो घरच्या फ्रिजमध्ये आहे.

१९७८ साली अमेरिकेतल्या डॉ. गेब मिर्किन यांनी खेळाडूंच्या दुखापतीसाठी विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच असा उपाय सांगितला. पुढे तेच म्हणाले, बर्फाने दुखणं कमी होतं, पण भरून यायला उशीर होऊ शकतो. म्हणून माप हवं.

बर्फ फडक्यात गुंडाळा, पंधरा-वीस मिनिटंच ठेवा, टाके कोरडे ठेवा. दिवसातून किती वेळा, ते डॉक्टरांना विचारा. व्यायाम चुकवू नका. आणि वीट? ती राहू द्या चुलीपाशीच.