तेल्या, माणदेश आणि एक वर्तुळाकार रेणू

१९५२ साली दिल्लीत हिंगोरानी आणि मेहता यांनी डाळिंबाच्या पानांवरील जिवाणूजन्य ठिपक्यांची नोंद प्रसिद्ध केली. त्याच वर्षी अमेरिकेत जोशुआ लेडरबर्ग यांनी जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राबाहेरील आनुवंशिक घटकांसाठी ‘प्लाझमिड’ हा शब्द योजला. या दोन नोंदींचा एकमेकींशी संबंध येईल, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

सांगलीतील आटपाडी आणि जत, साताऱ्यातील माण आणि खटाव हे पर्जन्यछायेतील तालुके. डाळिंब येथे रुजले ते टंचाईमुळेच. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि ठिबकच्या पाण्यावर माळरानांचे रूप पालटले. दीर्घकाळ दुय्यम मानला गेलेला तो रोग एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रभर उफाळला. फळावर तेलकट डाग पडतो, मग फळ तडकते. म्हणून त्याचे नाव तेल्या. पावसाळी हवा त्याला मानवते, त्यामुळे मृग बहर धरणे हा जुगार ठरला.

दरम्यान, १९७४ मध्ये बेल्जियमच्या घेंट येथील संशोधकांना झाडांवर गाठी आणणाऱ्या अॅग्रोबॅक्टेरियम जिवाणूत एक मोठे प्लाझमिड सापडले. ते ज्या वाणात नव्हते, तो वाण निरुपद्रवी होता. रोग घडवण्याचे सामर्थ्य असे एका सुट्या वर्तुळात साठवलेले असू शकते, ही कल्पना त्या काळी धक्कादायकच होती.

तेल्याचा जिवाणू झँथोमोनास कुळातला. याच कुळातील लिंबावरच्या खैऱ्या रोगाच्या जिवाणूत ‘पीटीएचए’ हे जनुक प्लाझमिडवर असते. त्यापासून बनलेले प्रथिन पानाच्या पेशीत शिरून तिला भराभर विभागायला लावते. खैऱ्याचे खरबरीत उंचवटे त्यातूनच येतात. हे जनुक निकामी केले की उंचवटेही उठत नाहीत.

मात्र प्लाझमिडची खरी धास्ती निराळीच. ते एका जिवाणूतून दुसऱ्यात, कधी दुसऱ्या जातीतही जाते. अमेरिकेतील सफरचंदांच्या बागांत स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणारी जनुके अशीच पसरली. माणदेशातील बागांवरही तेल्यासाठी वर्षानुवर्षे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचे मिश्रण फवारले जात होते. हीच औषधे माणसालाही लागतात! अखेर डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय आदेशाच्या मसुद्यात या मिश्रणाचे उत्पादन आणि आयात १ फेब्रुवारी २०२२ पासून थांबवण्याचे, तर शेतीतील वापर २०२४ च्या आरंभापासून बंद करण्याचे प्रस्तावित झाले.

आता बागायतदाराच्या हाती उरली ती रोगट फांद्यांची छाटणी, गळलेल्या पानाफळांचा नायनाट, निरोगी रोपे आणि पावसाळा चुकवून धरलेला हस्त बहर.