नाटे, पाच अंश आणि समुद्राचे गणित

१/ राजापूर खाडीच्या मुखाशी, उत्तर काठावर नाटे वसले आहे. येथील यशवंतगडावरून एके काळी राजापूर बंदराकडे जाणाऱ्या गलबतांवर नजर ठेवली जाई. अलीकडच्या इतिहासात मात्र या गावाचे नाव एका आकड्याशी जोडले गेले: ५ अंश सेल्सिअस.

२/ खाडीपलीकडे माडबनच्या सड्यावर प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्यांचा जैतापूर प्रकल्प योजला गेला. अणुभट्टीतील उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते. उरलेली समुद्रात जाते. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राने ३५ अटींसह पर्यावरणीय मंजुरी दिली. सोडलेले पाणी भोवतालच्या पाण्यापेक्षा ५ अंशांहून अधिक उष्ण नसेल, असे आश्वासन होते. सर्वसाधारण नियमात ७ अंशांची मुभा आहे.

३/ पण हे ऊन पाणी पुढे जाईल कोठे? या प्रश्नाचा अभ्यास पुण्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान केंद्राकडे आला. १९१६ साली पाटबंधाऱ्यांच्या प्रश्नांसाठी सुरू झालेली ही संस्था. अशा संगणकीय प्रतिमानात समुद्राचे लहान चौकोन पाडतात, काठावर भरती-ओहोटी व वारा यांची आकडेवारी देतात आणि प्रत्येक चौकोनातील प्रवाह व तापमान क्षणाक्षणाने सोडवत जातात. ऊन पाणी हलके असल्याने वर तरंगते. खोलीची सरासरी धरली की नेमके हेच निसटते.

४/ त्यातच हा समुद्र वर्षभर एका दिशेने वाहत नाही. नैर्ऋत्य मोसमी काळात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे, तर हिवाळ्यात उत्तरेकडे जातो, आणि तोही वाऱ्याच्या विरुद्ध! गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील सतीश शेट्ये व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये या हिवाळी प्रवाहाचे वर्णन प्रसिद्ध केले. १९९३ मध्ये मॅक्क्रिअरी, कुंडू आणि मोलिनारी यांच्या प्रतिमानाने दाखवले की त्यामागे बंगालच्या उपसागरातून किनारा धरून येणाऱ्या लाटांचाही हात असतो. म्हणजे नाट्यासमोरच्या पाण्याचे गणित नाट्यासमोर संपत नाही.

५/ पावसाळ्याच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्याच्या उथळ समुद्रात तळाशी प्राणवायू अतिशय कमी होतो. तापमान वाढले की जलचरांची प्राणवायूची गरज वाढते आणि पाण्याची तो धरण्याची क्षमता घटते. तापमानाचा नकाशा उत्तम जमला, तरी बांगडा किंवा कोळंबी त्याला कसा प्रतिसाद देईल, हे त्या समीकरणांत नसते. त्यासाठी प्लवक, अंडी, पिल्ले यांचे स्वतंत्र प्रतिमान लागते.

६/ साखरी नाट्याचे मच्छीमार नेमके हेच विचारत होते. आंदोलनात दररोज ५,२०० कोटी लिटर पाण्याचा आकडा तोंडोतोंडी झाला. मार्च २०११ मध्ये फुकुशिमा घडले. १८ एप्रिलला नाट्यात पोलीस गोळीबारात एका मच्छीमाराचा मृत्यू झाला. त्यांना ‘अडाणी’ ठरवणाऱ्यांनी त्यांचा प्रश्न नीट ऐकलाच नव्हता.

७/ हैदराबादची सरकारी संस्था ‘इन्कॉइस’ मच्छीमारांना मासे कोठे सापडतील याची सूचना देते. तिचा आधार काय? उपग्रहाने टिपलेले हरितद्रव्य आणि समुद्रपृष्ठाच्या तापमानातील बारीक फरकांच्या रेषा. मासा या रेषांजवळ जमतो, हे शासनाचेच विज्ञान सांगते. जैतापुरात अद्याप एकही अणुभट्टी उभी राहिलेली नाही. ५ अंशांचे ते गणित कागदावरच आहे.