एकर, गुंठा आणि प्लॉट : जागेच्या बोलीची कुळकथा

आष्टा आणि त्याच्या पंचक्रोशीत जमिनीविषयी जी भाषा बोलली जाते, तिचे दोन थर सहज वेगळे करता येतात. जमीन कशी आहे हे सांगणारे शब्द, म्हणजे मळी, माळ, काळवट, चुनखड, पाणथळ, हे मराठीच राहिले. ती किती आहे, कागदावर कोठे आहे आणि तिच्यावर काय करता येते हे सांगणारे शब्द मात्र, म्हणजे एकर, सर्व्हे नंबर, प्लॉट, एन.ए., इंग्रजीतून आले. ते वाचनातून आले नाहीत, मोजणीदाराच्या साखळीबरोबर आले, आणि म्हणूनच इंग्रजीचे एक अक्षर न शिकलेल्या कुळाच्या तोंडीही ते पक्के बसले.

त्यापूर्वी दख्खनेत बिघ्याचे माप चाले. पाच हात पाच मुठींची एक काठी, वीस चौरस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चाहूर, अशी ती उतरंड होती. हात आणि मूठ कोणाची धरायची यावर काठी लहानमोठी होई, शिवाय हलक्या जमिनीचा बिघा मोठा धरण्याचीही रीत अनेक ठिकाणी होती. या पद्धतीला अडाणी ठरवणे सोपे आहे, पण तिच्यात क्षेत्र आणि कस यांचा हिशेब एकाच मापात बसत असे, हेही विसरता येत नाही.

इंदापूर तालुक्यात १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी मोजणी सुरू केली, तिने हे दोन हिशेब वेगळे केले. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम ठरले आणि १८४८ मध्ये सातारा संस्थान खालसा झाल्यानंतर, तेव्हा सातारा जिल्ह्यात असलेल्या वाळवा तालुक्यातही, म्हणजेच आष्ट्याच्या शिवारातही, तीच पद्धत लागू झाली. क्षेत्र एकरात मोजायचे आणि कस मात्र सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंतच्या प्रतींत ठरवायचा, अशी ती वाटणी होती. प्रत्येक मोजलेल्या तुकड्याला मिळालेला क्रमांक म्हणजे सर्व्हे नंबर. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानुसार जेथे जमिनी एकत्र झाल्या, तेथे त्याची जागा गट नंबराने घेतली.

एकराचे स्वतःचे कूळ मात्र कचेरीतले नाही. इंग्लंडमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ शेत असा होता आणि बैलजोडीने एका दिवसात नांगरता येईल तेवढी जमीन अशी त्याची कल्पना होती. सतराव्या शतकात एडमंड गंटर याच्या ६६ फुटी साखळीने तिला काटेकोर रूप दिले. मुंबई इलाख्यात या साखळीची अर्धी, ३३ फुटांची आणि सोळा आण्यांत विभागलेली साखळी वापरात आली. तिचा एक चौरस, म्हणजे १,०८९ चौरस फूट, हा गुंठा. आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. गुंठा कानाला कितीही देशी वाटला, तरी त्याचे आजचे माप पूर्णपणे या साखळीचे आहे.

उसाच्या पट्ट्यात या मापाला एक नवे जीवन मिळाले. कृष्णा आणि वारणेच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या शेतीत शेतकऱ्याचा नावलौकिक एकरी उताऱ्याने, म्हणजे एका एकरात किती टन ऊस निघतो यावरून, ठरू लागला. दुसरीकडे शेत विकून घरे बांधली जाऊ लागली, तेव्हा प्लॉट आणि एन.ए. हे शब्द स्थिरावले. एन.ए. म्हणजे शेतीखेरीज अन्य वापराची परवानगी; सरकारी मराठीत तिला अकृषिक किंवा बिगरशेती म्हणतात, तरी लोक अक्षरांनीच तिचा उच्चार करतात. अशा परवानगीवाचून गुंठ्यागुंठ्याने झालेल्या विक्रीतून जी वस्ती उभी राहिली, तिला गुंठेवारी हे नाव पडले आणि २००१ मध्ये राज्याने ती नियमित करण्यासाठी कायदा करताना हेच बोलीतले नाव शीर्षकात घेतले.

१९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि सातबाऱ्यावर, म्हणजे गाव नमुना सात व बारा यांच्या उताऱ्यावर, क्षेत्र हेक्टर व आर यांत लिहिले जाऊ लागले. आर म्हणजे शंभर चौरस मीटर, तर गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही इतके जवळ आहेत की बोलताना ते एकच धरले जातात. परंतु चाळीस आरांना एकर समजून सौदा करणाऱ्याची जवळजवळ ४७ चौरस मीटर, म्हणजे अर्ध्या गुंठ्याच्या आसपास, जमीन हिशेबाबाहेर राहते.