पात्रघडण (भूमिकाखेळ)

टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळांत खेळाडूने आपले पात्र उभे करण्याची पद्धत. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये (१९७४) पात्राची ताकद, बुद्धी फाशांवर ठरे आणि ते योद्धा, जादूगार वा धर्मगुरू अशा ठरावीक वर्गात बसे. ‘ट्रॅव्हलर’मध्ये (१९७७) पात्राची आधीची नोकरीही फासेच ठरवत, खेळ सुरू होण्यापूर्वीच ते दगावूही शके. ‘रूनक्वेस्ट’ने (१९७८) वर्ग काढून कौशल्ये आणली. खरी मोकळीक दिली ती पॉइंट मोजून पात्र घडवणाऱ्या ‘चॅम्पियन्स’ (१९८१) व ‘गर्प्स’ (१९८६) यांनी. गर्प्समध्ये चपळाई वाढवायला पॉइंट खर्चावे लागतात. आंधळेपणा, भित्रेपणा किंवा एखादा शत्रू पत्करला की काही परत मिळतात. त्यामुळे आंधळी तलवारबाजही नियमांत चपखल बसते. हिशेब मात्र लांबतो आणि नवखा खेळाडू बिचकतो. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या तिसऱ्या आवृत्तीने (२०००) वर्ग राखूनही पुढच्या पातळीवर दुसरा वर्ग घेण्याची सढळ मुभा दिली.