झिजलेल्या नाण्यांचा हिशेब

पावली 2011 साली चलनातून गेली. त्याआधी आमच्या युनियनच्या वर्गणीच्या डब्यात ती पुष्कळ पडे. काही पावल्या इतक्या गुळगुळीत असत की, बोटाला छापच लागू नये. असे नाणे किती हातांतून गेले हे कोणी पाहिलेले नसते. आपल्या हाती उरते ती झीज. दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणारी अवस्था ताडण्याची ही विद्या आज यंत्रांना शिकवतात. तिच्याशी सख्खे नाते सांगणारे एक काम पुण्यात होऊन गेले.

दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गोव्याचे. हार्वर्डहून 1929 साली पदवीधर होऊन आले आणि 1933 पासून फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. संख्याशास्त्र नुसते वाचून येत नाही, प्रश्न सोडवून येते, म्हणून त्यांनी तक्षशिलेच्या चांदीच्या आहत नाण्यांची वजने अभ्यासाला घेतली. या नाण्यांवर ना साल, ना राजाचे नाव. पण टाकसाळीतून जवळजवळ सारख्या वजनाने निघालेली नाणी बाजारात हिंडू लागली की, सरासरी वजन घटत जाते. आणि एक नाणे फार फिरते, दुसरे गाडग्यात पडून राहते, म्हणून वजनांतली तफावतही वाढत जाते. मागील बाजूच्या खुणा जितक्या अधिक, तितके सरासरी वजन कमी, असे त्यांना आढळले. कोणता गट आधीचा, कोणता नंतरचा, हे यावरून लावता येते. एकट्या नाण्यावरून मात्र काही सांगता येत नाही.

मला त्यांची खरी थोरवी पुढे दिसते. त्यांनी चालू काळातली हजारो नाणी तराजूत घातली. त्यांच्यावर साल छापलेले असते! म्हणजे वय ठाऊक असलेल्या नाण्यांवर आधी अटकळ पारखून घेतली.

तिकडे रशियात मार्कोव्ह या गणित्याने 1913 साली पुश्किनच्या काव्यातली 20,000 अक्षरे मोजली आणि स्वरामागून वा व्यंजनामागून स्वर कोणत्या प्रमाणात येतो ते दाखवले. 1966 साली, कोसंबी वारले त्याच वर्षी, अमेरिकेत बाउम आणि पेट्री यांनी या साखळीला पडद्याआड नेले. समजा, आपण जिनिंग कारखान्याच्या भिंतीबाहेर उभे आहोत. आतले यंत्र ठीक आहे की बिघडले, हे दिसत नाही. आवाज तेवढा येतो. आज ठीक असलेले यंत्र उद्या किती वेळा बिघडते, आणि बिघडल्यावर किती वेळा खरखरते, ही दोन्ही प्रमाणे नुसत्या आवाजांच्या नोंदीवरून, अंदाज पुन्हापुन्हा सुधारत, काढता येतात. पुढे कित्येक वर्षे यंत्रांनी माणसाचे बोलणे ओळखले ते याच रीतीने. परंतु पडद्यामागे अवस्था किती आहेत, हे बहुधा माणूसच आधी ठरवून देतो.

तिथेच मी फसलो होतो. एका कारखान्यातल्या संपाआधी गेटसभेची हजेरी आणि वर्गणी पाहून मी मंडळी खंबीर आहेत असे ताडले. तिसऱ्या दिवशी निम्मी माणसे कामावर गेली. माझ्या हिशेबात अवस्था दोनच : खंबीर आणि फितूर. म्हणून रागाच्या भरात मी त्यांना भर सभेत फितूर म्हणालो. आठवड्याने त्यांच्यातल्या एका कापूस निवडणाऱ्या बाईंच्या घरी गेलो. त्यांनी वाद घातला नाही. पिठाचा डबा तेवढा माझ्यापुढे आणून उघडला.