कामगाराच्या अंगावरील धूळमापक : एक ऐतिहासिक आढावा

खाणीतील धूळ फुप्फुसे निकामी करते, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीच ठाऊक झाले होते. ती धूळ नेमकी कोठे मोजावी, हा प्रश्न मात्र बराच काळ मागे राहिला.

दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींसाठी रॉबर्ट कोत्झे यांनी 1916 मध्ये 'कोनिमीटर' तयार केला. त्यात चिकट काचेवर हवेचा झोत आदळे व अडकलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजले जात. परंतु हा नमुना क्षणभराचाच असे. संपूर्ण पाळीत कामगाराच्या श्वासातून किती धूळ गेली, हे त्यावरून कळत नसे.

1960 मध्ये ब्रिटनच्या हार्वेल अणुसंशोधन केंद्रातील शेरवुड व ग्रीनहाल्घ यांनी बॅटरीवर चालणारा छोटा पंप कामगाराच्या अंगावरच दिला आणि फिल्टर त्याच्या नाकातोंडाजवळ बसवला. पुढील तुलनांत असे दिसून आले की, एका जागी ठेवलेल्या उपकरणापेक्षा अंगावरील उपकरण अनेकदा जास्त प्रमाण दाखवते. धूळ कामातूनच उडते आणि कामगार तिच्या अगदी जवळ असतो, हे याचे कारण होय.

अमेरिकेत 1968 च्या फार्मिंग्टन दुर्घटनेत 78 खाणकामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर 1969 च्या कायद्याने कोळशाच्या श्वसनयोग्य धुळीवर मर्यादा घातली. 1972 अखेरपासून ती घनमीटरमागे 2 मिलिग्रॅम झाली. मात्र फिल्टर प्रयोगशाळेत वजन करण्यासाठी पाठवावा लागे. निष्कर्ष हाती येईपर्यंत धूळ छातीत गेलेली असे.

ही उणीव दूर करणाऱ्या उपकरणात कंप पावणाऱ्या नळीच्या टोकावर फिल्टर असतो. धूळ साचताच कंपनसंख्या घटते व वजन तेथेच कळते. जुन्या फिल्टरपद्धतीशी खाणींमध्ये शेजारी-शेजारी तुलना करून त्याची पारख झाली. 2016 पासून त्याचा वापर बंधनकारक झाला आणि मर्यादा 1.5 मिलिग्रॅमवर आली.

तरीही 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हर्जिनियातील तीन दवाखान्यांत 2013 ते 2017 या काळात तीव्र फुप्फुसरोगाचे 416 खाणकामगार आढळले. हा रोग जडण्यात खडकातील सिलिकाचा मोठा वाटा मानला जातो. परंतु हे उपकरण एकूण धुळीचे वजन सांगते, त्यातील सिलिका वेगळी दाखवत नाही. म्हणून मापकाची पारख करताना अचूकतेबरोबरच तो कोठे, केव्हा आणि काय मोजतो, हेही तपासणे अगत्याचे ठरते.