फेब्रुवारीत रेखाटलेली गाडी

लंडनच्या नॅशनल गॅलरीत गवताची एक गाडी गेली सव्वाशेहून अधिक वर्षं पाण्यात उभी आहे. तीन गडद घोडे, गाडीत दोन माणसं, चाकं स्टूर नदीच्या उथळ उतारात बुडालेली, आणि साटा रिकामा. डावीकडे विली लॉट या शेतकऱ्याचं घर दिसतं. उजवीकडे दूर, उन्हानं उजळलेल्या कुरणात, गवत कापणारी माणसं बारीक ठिपक्यांएवढी दिसतात. जॉन कॉन्स्टेबलनं १८२१ मध्ये पुरं केलेलं हे चित्र जग ‘द हे वेन’ म्हणून ओळखतं. चित्राबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. इथे प्रश्न फक्त गाडीचा आहे: ती चित्रात आली कुठून?

कॉन्स्टेबलचा जन्म १७७६ चा, सफोकमधल्या ईस्ट बर्गहोल्टचा. चित्रातली जागा त्याच्या वडिलांच्या फ्लॅटफर्डच्या गिरणीला लागूनच आहे. गाड्या, घोडे, धान्याची पोती यांच्यात वाढलेला हा मुलगा. अशा माणसाला गवताची गाडी डोळे मिटूनही काढता यावी, असं आपल्याला वाटतं. पत्रव्यवहार मात्र वेगळं सांगतो.

त्या वेळी तो लंडनला केपेल स्ट्रीटवर राहत होता आणि जवळजवळ सहा फुटी कॅनव्हासशी झगडत होता. वडील १८१६ मध्ये वारले होते आणि गिरणीचा कारभार धाकटा भाऊ एब्रम पाहत होता. फेब्रुवारी १८२१ च्या अखेरीस एब्रमनं गावाहून पत्र धाडलं. चित्र वेळेत होईल याची त्याला फारशी आशा नव्हती, आणि भावाला तसं सांगताना त्यानं आडपडदा ठेवला नाही. त्याच पत्रात कळतं की जॉनी डनथॉर्ननं एका ‘स्क्रेव्ह’ची, म्हणजे सुगीच्या गाडीची, रेखाकृती काढून तयार ठेवली आहे. काम फार गारठ्यात करावं लागलं. पण बाप मागे लागला होता की मुदत जवळ येते आहे, त्याला हे हवंच असणार.

हा बाप, थोरला डनथॉर्न, गावात नळाची आणि काचेची कामं करी आणि फावल्या वेळात चित्रं काढी. कॉन्स्टेबलचा तो तरुणपणापासूनचा चित्रसोबती. मुलगा जॉनी तेव्हा बाविशीचा होता.

या नोंदीतून काय निघतं ते जपूनच काढलं पाहिजे. गाडीची आठवण कॉन्स्टेबलला नव्हती, असा अर्थ नाही. आठवणीत गाडी होती; दांड्या कुठे जोडल्या आहेत, बाजूची चौकट चाकावरून कशी जाते, हे तपासायला समोर गाडी नव्हती. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात याच चित्राचा पूर्ण मापाचा कच्चा आराखडा आहे. त्यात रंगांचे फटकारे मोकळे आहेत, तपशील त्यांत विरून जातो. पक्क्या चित्रात तशी सूट घेता येत नव्हती. आणि फेब्रुवारीत कुरणात गाडी कुठली असायला? गवताचा हंगाम उन्हाळ्यातला. तेव्हा जॉनीनं गाठली ती बहुधा एखाद्या छपराखाली बसून असलेली गाडी. हे शेवटचं माझं अनुमान, पत्रातलं नव्हे.

आता नावांचा गुंता. १८२१ च्या रॉयल अ‍ॅकॅडमीच्या प्रदर्शनात चित्राचं नाव होतं ‘निसर्गचित्र: दुपार’. त्यात गाडीचा उल्लेखच नाही. ‘हे वेन’ हा शब्द मित्र जॉन फिशर या धर्मोपदेशकाच्या पत्रात, चित्र अजून चौकटीवर असतानाच, येतो. गाडीची चौकशी करावी तशी तो चित्राची चौकशी करतो. घरगुती टोपणनावच पुढे अधिकृत झालं. १८२४ मध्ये जॉन अ‍ॅरोस्मिथ या व्यापाऱ्यानं हे आणि आणखी दोन चित्रं मिळून २५० पौंडांना घेतली आणि हे पॅरिसच्या सलोंमध्ये लागलं. तिथल्या यादीत ते झालं ‘शेतघराच्या पायथ्याशी उतार ओलांडणारी गवताची गाडी’. फ्रेंचांनी वापरलेला ‘शारेत’ हा शब्द खरं तर दुचाकी गाडीचा. चारचाकी गाडी यादीत शिरताना दोन चाकं गमावून बसली! तरी राजे दहावे चार्ल्स यांनी सुवर्णपदक दिलंच.

ही गाडी गवताची नसून लाकूड वाहणारी असावी, असंही म्हटलं गेलं आहे. कारण साटा उथळ आणि उघडा आहे, आणि पूर्व इंग्लंडच्या शेतगाड्या एरवी खोल पेटीसारख्या असत. मला हा आक्षेप निर्णायक वाटत नाही. गवत हलकं आणि फुगीर. ते बाजूच्या फळ्यांवर नाही, रचणाऱ्याच्या हातावर तोलून राहतं. शिवाय एब्रमच्या पत्रातला शब्द सुगीचाच आहे. समकालीन, जागेवरच्या माणसाचा शब्द नंतरच्या तर्कापेक्षा वजनदार मानावा लागतो.

गाडी पाण्यात का, याचं एक उत्तर चाकात शोधतात. जॉर्ज स्टर्ट यांनी सरेतल्या फार्नममधल्या आपल्या सुतारशाळेवर १९२३ मध्ये पुस्तक लिहिलं. ती शाळा त्यांच्या आजोबांनी १८१० मध्ये घेतलेली, म्हणजे चित्राच्या काळातलीच. तिथे तुंबा एल्मचा, आरे ओकचे, घेराचे तुकडे अ‍ॅशचे. कडक उन्हात लाकूड आकसतं, लोखंडी धाव सैल होते, आणि चाक पाण्यात भिजलं की पुन्हा घट्ट बसतं. आपल्याकडच्या गाडीवानाला हे शिकवावं लागणार नाही. पण या चित्रातली गाडी त्यासाठीच थांबली आहे, असं कुठलाही कागद म्हणत नाही. पलीकडच्या कुरणात तिची वाट पाहणारी माणसं कॉन्स्टेबलनं रंगवली आहेत, आणि उताराचा रस्ता तिकडेच जातो.

१ एप्रिलला फिशरला लिहिताना कॉन्स्टेबल सांगतो की चित्र दहा तारखेला अ‍ॅकॅडमीकडे जाईल. जॉनीची रेखाकृती पोचल्यापासून जेमतेम सहा आठवडे. पुढे हाच जॉनी लंडनला त्याचा मदतनीस म्हणून आला. १८३२ मध्ये, चौतिशीतच, तो वारला. चित्र १८८६ मध्ये हेन्री व्हॉन यांनी राष्ट्राला दिलं, आणि गाडी आजही भर उन्हाळ्यातल्या दुपारच्या उजेडात उभी आहे.